कचरामुक्त विद्यापीठ कोणाच्या हातांनी?

गेल्या हिवाळ्यात एका विद्यापीठातल्या परिसंवादाला गेलो होतो. विषय होता शाश्वत विकास आणि उच्च शिक्षण. अध्यक्षस्थानी असलेल्या एका ज्येष्ठ शिक्षणतज्ज्ञांनी दोन विधाने केली. विद्यार्थ्यांवर संस्कार झाले की विद्यापीठे आपोआप कचरामुक्त होतील, हे पहिले. दुसरे असे, की कचरा वेचणाऱ्या बायांना फाटकातून आत येणे बंद केल्यापासून त्यांच्या संस्थेचे आवार देखणे झाले आहे. दोन्ही विधानांना टाळ्या पडल्या. त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत समाजशास्त्राचे प्राध्यापक होते, पर्यावरणशास्त्राचे होते. म्हणून हा लेख.

आधी संस्कारांचे पाहू. कँटीनमध्ये चहा कागदी कपात मिळतो. त्या कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून त्यातून चहा झिरपत नाही आणि म्हणूनच तो रद्दीत चालत नाही, खतातही कुजत नाही. बिस्किटांचा आणि वेफर्सचा पुडा प्लॅस्टिक व धातूचे थर एकमेकांना चिकटवून केलेला असतो. ते वेगळे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही. विद्यार्थी कितीही संस्कारी असला तरी या दोन वस्तू तो कोणत्या रंगाच्या डब्यात टाकणार? कप काचेचा असावा की कागदी, हे कँटीनच्या निविदेत ठरते. ती निविदा विद्यार्थी काढत नाहीत. शोधप्रबंध कागदाच्या एकाच बाजूला छापायचा, त्याच्या इतक्या प्रती द्यायच्या, हे नियमही विद्यार्थ्यांनी केलेले नाहीत. दीक्षान्त समारंभाचे फ्लेक्स आणि प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेले पुष्पगुच्छ कोण मागवते, तेही सर्वांना ठाऊक आहे. कचऱ्याचा पहिला निर्णय खरेदी समितीच्या टेबलावर होतो आणि दोष मात्र एकोणीस वर्षांच्या मुलाच्या वळणाला दिला जातो. हे मला मान्य नाही.

कायदाही संस्कारांवर विसंबून राहिलेला नाही. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या संस्थांना मोठे कचरानिर्माते ठरवले आणि त्यांत विद्यापीठांचा स्पष्ट उल्लेख केला. ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा, सुका वेगळा करून अधिकृत कचरावेचकांकडे किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडे द्यायचा. उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषातही कचरा व्यवस्थापनाची माहिती भरावी लागत आली आहे. त्यामुळे हिरवे-निळे डबे बहुतेक ठिकाणी आले, त्यांचे फोटोही अहवालात गेले. पण संध्याकाळी कँटीनच्या मागे उभे राहून पाहा. अनेक ठिकाणी दोन्ही डबे एकाच गाडीत रिकामे होतात. आमटीत भिजलेला पुठ्ठा त्या क्षणी पुठ्ठा राहत नाही. त्याला कोणी भाव देत नाही.

आता त्या फाटकाकडे येतो. ज्यांना आवाराबाहेर काढल्याचा अभिमान बाळगला जातो, त्या बायांचा विद्यापीठाशी असलेला संबंध अध्यक्षमहाशयांना ठाऊक नसावा. पुण्यातल्या कचरावेचकांची संघटना एका विद्यापीठाच्या विभागातून उभी राहिली. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या निरंतर व प्रौढ शिक्षणाच्या कामात लक्ष्मी नारायण आणि पौर्णिमा चिकरमाने होत्या. कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला त्या वस्तीत गेल्या आणि त्यांच्या ध्यानात आले, की आईच्या हाती बरा पैसा आल्याशिवाय मूल शाळेत टिकणार नाही. उकिरड्यावर वाकून वेचण्याऐवजी घरोघरी वेगळा केलेला सुका कचरा मिळाला तर काम कमी घाणीचे होते आणि मालाला भाव येतो, हे त्यांनी करून पाहिले. त्यातून १९९३ साली, बाबा आढावांच्या साथीने, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. रात्री-अपरात्री पोती घेऊन फिरणाऱ्या बाईला चोर समजून पकडले जाई. संघटनेने तिला ओळखपत्र दिले. पुढे महापालिकेनेही त्याला मान्यता दिली. याच बायांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून पुण्यात दारोदारचा कचरा उचलते आहे. विद्यापीठाच्या अशा विभागाने काय करावे, याचे याहून चांगले उदाहरण मला महाराष्ट्रात माहीत नाही.

आणि या बायांचे ज्ञान! पाण्याच्या बाटलीचे टोपण एक जण फिरवून काढत होती, तेव्हा मी शेजारी उभा होतो. टोपण एका ढिगात, बाटली दुसऱ्यात, वरची चकचकीत पट्टी नखाने सोलून तिसऱ्यात. टोपणाचे प्लॅस्टिक वेगळे, ते पाण्यावर तरंगते, बाटलीचे बुडते. दोन्ही एकत्र वितळवले तर माल बिघडतो. हे तिने शाळेत न जाता बोटांनी शिकलेले पदार्थविज्ञान आहे. पुनर्चक्रीकरणाचा सारा डोलारा या वर्गीकरणावर उभा आहे.

इतके लिहून झाल्यावर सरळ मार्ग दिसतो: फाटक उघडा, करार करा, या बायांना सन्मानाने आत घ्या. मीही अनेक वर्षे हेच म्हणत आलो आहे. पण या मार्गात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे आहेत आणि त्यांना वळसा घालून पुढे जाता येत नाही.

१९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी जातीच्या समर्थकांचा आवडता युक्तिवाद मोडून काढला. जात म्हणजे कामाची वाटणी, असे समर्थक म्हणत. बाबासाहेबांनी दाखवले, की ही काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे आणि तीही एकावर एक रचलेल्या थरांची. त्यात आवड, कुवत, निवड यांना जागाच नाही. १९४५ च्या ‘व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स’मध्ये ते आणखी पुढे गेले. सफाईचे काम थोर सेवा आहे, असे त्या कामात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेल्यांना सांगणे म्हणजे त्यांना तिथेच ठेवणे, हा तिथला त्यांचा आरोप आहे. गांधीजी स्वतः संडास साफ करत, आश्रमातल्या प्रत्येकाला करायला लावत; ही कृती मोठीच होती. पण ज्याला नकार देता येतो त्याने झाडू हाती घेणे आणि ज्याला तो जन्माबरोबर मिळाला त्याने घेणे, यांतले अंतर बाबासाहेबांच्या डोळ्यांपुढून क्षणभरही हलले नाही. महाडच्या सत्याग्रहानंतर त्यांनी मेलेली जनावरे ओढण्याचे काम सोडायला सांगितले, तेव्हा उत्पन्न बुडेल, असा आक्षेप आलाच. त्यांनी तो मानला नाही. त्या पैशाने माणसाची पायरी बदलणार नव्हती.

पुण्याच्या कचरावेचकांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि बहुसंख्य मातंग व इतर दलित जातींतल्या. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून शहरात ढकललेली कितीतरी घरे त्यांत आहेत. मग ‘पर्यावरणाच्या रक्षक’ म्हणून शाल-श्रीफळ देऊन आपण नेमके काय करतो? ज्या कामाची आपल्या घरातल्या मुलीसाठी आपण कल्पनाही करणार नाही, त्याचे गुणगान करून ते त्यांच्याच घरात ठेवतो. पर्यावरणवादी मित्रांनी या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. बहुतेक जण ते टाळतात.

फाटक बंद ठेवणे हे मात्र बाबासाहेबांच्या आक्षेपाचे उत्तर नव्हे. तसे केल्याने ती बाई काम सोडत नाही. उघड्या कचराकुंडीवर, अधिक घाणीत, कमी भावात तेच करते. तेव्हा माझे मत करारापाशी न थांबता दोन पावले पुढे सरकते. कामातली घाण, जिने ते काम अपमानाचे केले, ती ज्याने केली त्यानेच काढायची. वसतिगृहात ओले-सुके वेगळे करणे, बाटली रिकामी करून टोपण काढणे, वापरलेला पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढणे, हे विद्यार्थ्यांचे आणि प्राध्यापकांचे काम आहे. लाल ठिपक्याची मागणी कचरावेचक बायांनीच केली, कारण ते पॅड उघड्या हातांनी हाताळायची वेळ त्यांच्यावर येत होती. त्यानंतर उरते ते वाहतूक, वर्गीकरण आणि विक्रीचे काम. त्याला पगार, हातमोजे, शेड, विमा आणि लेखी करार हवा. दुसरे पाऊल अधिक महत्त्वाचे: या कामातून बाहेर पडायची वाट विद्यापीठाकडेच आहे. वर्ग, वसतिगृह आणि पदवी त्याच्याच हाती आहेत.

इथे गाडगेबाबांची आठवण होते. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. गावात आले की ते आधी गाव झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांना हात जोडून सांगत, की पोटाला चिमटा घ्या पण पोरांना शिकवा. सरकारी अभियानांनी त्यांचा झाडू उचलला आणि शाळेचा आग्रह मागे ठेवला. बाबांनी या दोन गोष्टी कधी वेगळ्या केल्या नव्हत्या. बाबासाहेबांविषयी त्यांना जो आदर होता, त्याचे मूळ मला इथे दिसते.

हरित विद्यापीठाची माझी कसोटी म्हणून साधी आहे. आवारातल्या कचऱ्यातून जे पैसे येतात, पुठ्ठा, बाटल्या आणि मुदत संपल्यावर टनांनी विकल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिका धरून, ते कुठे जातात? ते वेचणाऱ्यांच्या वेतनात आणि त्यांच्या मुलांच्या फीमध्ये गेले पाहिजेत. वेचणारीची मुलगी त्याच आवारात रसायनशास्त्र शिकत असेल, तर त्या विद्यापीठाला मी हरित म्हणेन. सौर दिवे आणि गांडूळखताचे खड्डे त्यानंतर मोजू.

वाचकांपैकी जे प्राध्यापक आहेत, अधिसभेवर किंवा व्यवस्थापन परिषदेवर आहेत, त्यांना विनंती आहे. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी लेखी मागा: कँटीनच्या निविदेतली कप-ताटांची अट, सुका कचरा नेणाऱ्याशी झालेला करार आणि गेल्या वर्षीच्या रद्दीविक्रीचा हिशेब. उत्तर आले नाही, तर त्याच्या पुढच्या बैठकीत पुन्हा मागा.