तेहेतीस आणि पस्तीस

"दहा गुण, मामा! एका दिवसात दहा गुण कापले. खर्च केला मालकानं, हिशेब मांडला त्याच्या माणसांनी, आणि भोगलं कुणी? मैदानात धावणाऱ्या पोरांनी आणि तिकीट काढून येणाऱ्या आमच्यासारख्यांनी."

गुडिसन पार्कच्या कोपऱ्यावर, दोन स्टँडच्या मधोमध उभ्या असलेल्या सेंट ल्यूक चर्चच्या भिंतीपाशी मी हे तावातावानं बोलत होते. मामा चर्चकडे बघत होते. कोल्हापुरात चाळीस वर्षं दिवाणी वकिली केलेला आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीचा फुटबॉल सामना सहसा न चुकवलेला माणूस. लिव्हरपूलला माझ्याकडे महिनाभरासाठी आले आणि पहिल्याच रविवारी "तुझं मैदान दाखव" म्हणाले. एव्हर्टन या माझ्या फुटबॉल क्लबचा पुरुषांचा संघ मे २०२५ मध्ये इथला शेवटचा सामना खेळून गोदीवरच्या नव्या स्टेडियमला गेला. माझं मैदान मात्र हेच.

"तारखा सांग," मामा म्हणाले. "पक्षकार चिडलेला असला की आधी तारखा विचाराव्यात."

तारखा मला पाठ आहेत. हिशेब तपासणं हेच माझं काम. प्रीमियर लीगचा तेव्हाचा नियम असा होता, की तीन वर्षांत मिळून क्लबचा तोटा १०५ दशलक्ष पौंडांच्या वर जाता कामा नये. म्हणजे आजच्या भावानं हजार-बाराशे कोटी रुपये. युवा अकादमी, महिला संघ, स्टेडियमचं बांधकाम यांवरचा खर्च त्यातून वगळत. २०२१-२२ अखेर एव्हर्टनचा तोटा १२४.५ दशलक्ष भरला, मर्यादेपेक्षा १९.५ जास्त. स्टेडियमपायी काढलेल्या कर्जाचं व्याज यात धरू नका, असं क्लबनं सांगून पाहिलं; टिकलं नाही. १७ नोव्हेंबर २०२३ ला स्वतंत्र आयोगानं १० गुण कापले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अपिलात त्यांचे ६ झाले.

"का कमी झाले?"

"किती जादा खर्चाला किती गुण, याचा तक्ताच लीगच्या नियमांत नव्हता. दिवाळं निघालेल्या क्लबला ९ कापतात, एवढं लिहिलेलं आहे. मग दिवाळं न निघता १० कसे? शिवाय माहिती देताना क्लब सचोटीनं वागला नाही, हा आयोगाचा ठपकाही अपिलात गळला."

"मग अपिलाचं बरोबर झालं. शिक्षा आधी लिहून ठेवलेली नसली की ती निवाडा करणाऱ्याच्या मर्जीवर जाते. पण तुझं दुखणं तिथं नाही. तुला गुणच कापायला नको होते. मग काय हवं होतं?"

"दंड. मालकाच्या खिशातून."

"अगं, हातात उधळायला पैसा होता म्हणून तर हे घडलं, आणि त्याला शिक्षा पैशाची? दंड भरून बेकायदा मजला कायम करून घेणारे मी आयुष्यभर बघितलेत. बांधकामाच्या अंदाजपत्रकातच ते दंडाचा रकाना ठेवतात."

मला गप्प बसावं लागलं, कारण आयोगाचंही म्हणणं तेच होतं: श्रीमंत मालक पाठीशी असेल तर दंड बोचत नाही.

आम्ही गुडिसन रोडनं चालू लागलो. मामांनी विचारलं, "मुळात हा नियम कुणाच्या रक्षणासाठी होता? क्लबच्या, की शेजारच्या क्लबच्या?"

"दोघांच्या." मी त्यांना बरीची गोष्ट सांगितली. इथून तासाभरावरचं गाव. १८८५ सालचा क्लब, दोनदा एफए कप जिंकलेला. ऑगस्ट २०१९ मध्ये पैशांची सोय दाखवता आली नाही म्हणून खालच्या विभागांच्या लीगमधून काढून टाकला. गिग लेनच्या मैदानाला कुलूप लागलं. मालक येतात-जातात, गावाचा क्लब गेला की शनिवारची दुपारच जाते. असं होऊ नये म्हणून तोट्याला लगाम हवा, हे मला पटतं.

"आणि शेजारी?"

मला हा प्रश्न नको होता. १९ मे २०२२, गुरुवार. इथंच, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध मध्यंतराला एव्हर्टन ०-२ मागे. हरलो असतो तर खालच्या विभागात जायच्या भीतीनं शेवटच्या दिवसापर्यंत जीव टांगणीला. मग कीन, मग रिशार्लिसन आणि ८५व्या मिनिटाला कॅल्व्हर्ट-लुईननं अंग झोकून मारलेलं ते हेडर. ३-२. लोक कुंपण ओलांडून मैदानात धावले. मी ग्लॅडिस स्ट्रीटच्या स्टँडमध्ये अनोळखी म्हाताऱ्याच्या गळ्यात पडून रडले. तीन दिवसांनी बर्नली आपल्याच मैदानावर न्यूकॅसलकडून १-२ हरली आणि खालच्या विभागात गेली.

"त्या वर्षी गुण किती होते?"

"आमचे ३९. बर्नलीचे ३५."

मामांनी खिशातून बसची पावती काढली, पाठीमागे ३९ लिहिले, खाली ६ लिहिले, रेघ मारली.

"तेहेतीस," ते म्हणाले. "अपिलात राहिलेले सहाच गुण त्याच वर्षी कापले असते, तर बर्नली राहिली असती आणि तुम्ही गेला असता. तू म्हणतेस, खर्च मालकाचा, भोगलं आम्ही. पण त्या रात्री त्या म्हाताऱ्याच्या गळ्यात पडलीस, ते सुख कुणाच्या खर्चाचं होतं?"

हे गणित मला येत नव्हतं असं नाही. मी ते कधी कागदावर मांडलं नव्हतं, एवढंच.

"त्याच वर्षी कापणं शक्यच नव्हतं," मी म्हणाले. "स्पर्धा मे महिन्यात संपते, हिशेबाचं वर्ष ३० जूनला. गुन्हा झाला की नाही हे कळतं तेव्हा गुणतक्ता बंद झालेला असतो. पुढं डिसेंबरअखेर हिशेब मागवायला लागले, म्हणून निकाल निदान पुढच्या मोसमात लागला. एप्रिल २०२४ मध्ये आमचे आणखी २ कापले, ते पुढच्या तीन वर्षांच्या हिशेबासाठी, ज्यातली दोन वर्षं आधीच्याही हिशेबात होती. पण ८ गुण जाऊनही आम्ही ४० वर राहिलो. २६ गुणांची ल्यूटन खाली गेली ती गेलीच. त्या कपातीनं कुणाचं काही वाचलं नाही, बर्नलीचं तर नाहीच."

"म्हणजे जखम एकाला, मलम भलत्यालाच. बर्नलीनं भरपाई मागायला हवी."

"मागितली. पण मामा, पैशाची शिक्षा बोचत नाही असं तुम्हीच म्हणालात. मग पैशाची भरपाई तरी कशी भरून निघणार? तो मोसम त्यांना कोण परत देणार?"

मामांनी यावर उत्तर दिलं नाही. बराच वेळ दिलं नाही.

मग मीच नॉटिंगहॅम फॉरेस्टचं काढलं, कारण तो निकाल माझ्यातल्या हिशेबनीसाला आजही टोचतो. ब्रेनन जॉन्सन आठव्या वर्षापासून त्या क्लबच्या अकादमीत वाढला. त्याचे वडीलही फॉरेस्टकडून खेळलेले. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत वाटून वहीत धरतात. घरी वाढलेल्या पोराची वहीतली किंमत शून्य, म्हणून तो विकला की सगळी रक्कम नफा. तोट्याला लगाम घालणारा नियम असा क्लबच्या कानात सांगत राहायचा, की आधी आपलंच पोर विक. फॉरेस्टनं विकलंही, पण ३० जूनपूर्वी येईल त्या भावात न देता थांबून, १ सप्टेंबर २०२३ ला, टॉटनहॅमला ४७.५ दशलक्षांना. क्लबच्या हिताचाच सौदा. तरी ती रक्कम ३० जूनपर्यंतच्या हिशेबात आली नाही, म्हणून मार्च २०२४ मध्ये ४ गुण गेले, अपीलही फेटाळलं.

"मुदत म्हणजे मुदत," मामा म्हणाले. "इतर क्लबांनी ३० जूनच्या आत मिळेल त्या भावाला विकलं असेल, त्यांचं काय? एक दिवस उशीर झाला म्हणून खरा दावा बुडालेला मी पाहिलाय. वाईट वाटतं. पण मुदत ताणली की वक्तशीर माणूस मूर्ख ठरतो."

"आणि खालच्या विभागात गेलेला लेस्टर क्लब? त्यांच्यावरही जादा तोट्याचाच आरोप. पण १३ जून २०२३ ला त्यांनी लीगचा हिस्सा सोडला आणि हिशेबाचं वर्ष ३० जूनला संपलं, त्या दिवशी ते लीगचे सभासद नव्हते. म्हणून लीगला अधिकारच नाही, असं सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलात ठरलं. पैशांचा प्रश्न बाजूलाच राहिला."

"तो निकाल मला पटतो. नियम ढिला लिहिला ही लिहिणाऱ्याची चूक, तिची शिक्षा समोरच्याला नको."

इथं माझं आणि मामांचं जमत नाही. दोन्हीकडे अक्षर तेच, तारीखही ३० जूनच, पण एकाचे चार गुण गेले आणि दुसरा सुटला. हे कायद्यानं बरोबर असेल. स्टँडमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला मी ते समजावू शकणार नाही.

"मला विचाराल तर," मी म्हणाले, "दार आधीच लावावं. स्पेनमध्ये लीग संघाच्या खर्चाची मर्यादा आधी ठरवते. तिच्यात बसत नसेल तर खेळाडूची नोंदणीच होत नाही. म्हणून २०२१ मध्ये मेसीला बार्सिलोना सोडावी लागली. गुण कापायची वेळ येत नाही, कुठली बर्नली मरत नाही."

"आणि तिथं कुणी कोर्टात जात नाही?"

"जातात. जानेवारी २०२५ मध्ये दानी ओल्मोची नोंदणी अडली, तेव्हा सरकारी क्रीडा परिषदेनं अंतरिम आदेश देऊन त्याला खेळू दिलं."

"म्हणजे स्थगिती मिळाली." मामांचा आवाज बदलला, हा त्यांचा प्रांत. "अंतरिम हुकमावर तो गोल करणार, सामना जिंकणार, आणि मूळ दावा उद्या फिरला तर तो गोल कसा परत घेणार? आणि स्थगिती मिळाली नसती तर ज्यानं काही केलं नाही तो खेळाडू बाहेर बसला असता. तुझं दारही कुणाच्या तरी बोटावरच लागतंय."

"हो. तरी मला ते चालेल. बोटं चेमटतील ती आतल्यांची, करारावर सही केलेल्यांची. बर्नलीच्या लोकांनी कशावर सही केली होती?"

मामा थांबले. "बर्नलीचं कुणी ओळखीचं आहे का तुझ्या?"

होता. ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर बसणारा. पॅलेसच्या सामन्यानंतर शुक्रवारी मी केक नेला होता. त्यानंही खाल्ला, अभिनंदन केलं. सोमवारी आला तो थेट कामाला लागला. मी काहीच बोलले नाही. काय बोलावं ते सुचलं नव्हतं, आणि पुढं आयोगाचा निकाल आला तेव्हा मी त्याच्यासमोर बसून दहा गुणांच्या अन्यायाबद्दल तासभर बोलले होते.

"त्यानं काय म्हटलं?"

"ऐकून घेतलं."

मामांनी पावती घडी करून परत खिशात ठेवली. "सकाळपासून मी एकाच बाजूचं ऐकतोय. शनिवारी त्याला जेवायला बोलव. रस्सा मी करतो."