'रीजनरेट' ह्या क्रियापदाचा कर्ता

पालीची तुटलेली शेपटी पुन्हां उगवते. ही साधी गोष्ट सांगतांना इंग्रजी लेखक 'रीजनरेट' हें क्रियापद वापरतो, आणि तें दोन्ही अंगांनीं चालतें. शेपटी आपोआप उगवते असेंही त्यानें सांगतां येतें, आणि पाल ती उगवते असेंही. क्रियापदाचें रूप तेंच राहतें. मराठींत ही सोय नाहीं. झाडाला पालवी 'फुटते'. त्याच धातूचें सकर्मक रूप 'फोडणें' घ्यावें, तर हातीं बहुधा मोडतोडच येते. व्याकरणाच्या ह्या सोयींत एक नीतीचा प्रश्न दडलेला आहे असें आम्हांस वाटतें: जें पुन्हां उगवलें, तें कोणीं उगवविलें?

ख्रिस्ती धर्मशास्त्रापुरतें उत्तर ठरलेलें होतें. तेथें कर्ता ईश्वर. मनुष्य हा केवळ कर्म. तरीही ही क्रिया नेमकी केव्हां घडते, हा वाद उरलाच. बाप्तिस्मा होतांच प्रत्येक अर्भकाला नवा जन्म लाभतोच, हें गोरॅम नांवाच्या धर्मोपदेशकाला मान्य नव्हतें. म्हणून एक्झेटरच्या बिशपनें त्याला नेमणूक नाकारली. प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलें आणि 1850 सालीं निकाल गोरॅमच्या बाजूनें लागला. एका क्रियापदाच्या काळावरून इतकें रण माजावें, ह्याचें हंसूं येण्यासारखें आहे. पण आम्हांला तें येत नाहीं. बाहेरून झालेल्या संस्कारानें माणूस आंतून बदलतो काय, हा प्रश्न लहान नव्हे.

सृष्टिशास्त्रानें मात्र कर्ताच बदलला. 1740 नंतरच्या कांहीं वर्षांत ट्रेंब्ले ह्यानें डबक्यांतील हायड्रा कापून पाहिला, तों प्रत्येक तुकड्याचा पुरा जीव झाला. कापणारा ट्रेंब्ले, उगवणारा तो तुकडा. ह्या दोघांची गल्लत तेथें कोणी करीत नाहीं.

शहरांच्या बाबतींत ती सर्रास होते. दक्षिण लंडनमधील हेगेट ही हजारांहून अधिक घरांची वसाहत 2014 पर्यंत जमीनदोस्त झाली, आणि त्या साऱ्या योजनेस नांव होतें 'रीजनरेशन'. नव्या इमारती उभ्या राहिल्या; जुने बहुतेक भाडेकरू दूर दूर पांगले. पालीच्या नव्या शेपटींत मणके नसतात, कूर्चेची नळी असते. पण निदान पाल तीच असते!

हिंदुस्थानालाही हें क्रियापद एकदां लागलें आहे. 1853 सालीं न्यूयॉर्कच्या एका दैनिकांत मार्क्सनें लिहिलें कीं, इंग्लंडला येथें दुहेरी कामगिरी करावयाची आहे: जुना समाज मोडणें आणि नवा उभारणें. येथें कर्ता इंग्लंड. परंतु त्याच लेखांत पुढें तो म्हणतो कीं, इंग्लंडांत कामगारवर्ग सत्तेवर येईपर्यंत, अथवा हिंदी लोक स्वतःच इंग्रजांचें जोखड झुगारून देण्याइतके समर्थ होईपर्यंत, ह्या नव्या पेरणीचें फळ त्यांच्या पदरांत पडणार नाहीं. आमच्या पाहण्यांत, हा लेख आधारास घेणारे बहुतेक लोक पहिल्या विधानाशींच थांबतात.