परतीची तार



आमच्या घरी बाबांनी घेतलेली जुनी ओम्नी व्हॅन आहे. हे वाहन बनवणे २०१९ साली थांबले. आमची गाडी त्याच्या कितीतरी आधीची, कार्बोरेटरवाली. वाडीतली भाजी, आजारी माणसे, रविवारची मिस्सा, सारे तिने वाहिले. बाबा गेल्यावर वाटणी झाली आणि आमचे व धाकट्या भावाचे बोलणे बंद झाले. घरे शेजारी, पण दारे पाठमोरी.

पावसाळा संपता संपता एका रविवारी आई मिस्सेसाठी तयार होऊन बसली आणि गाडी चालू होईना. चावी फिरवली की 'कट्' एवढाच आवाज आणि दिवे मंद. आम्ही म्हटले, बॅटरी गेली. नवी आणली, तरी तेच. पुढची सीट उचलून इंजिन पाहिले, स्टार्टर खोलला. तोही चांगला निघाला. आठवडा गेला.

आवाज ऐकून भाऊ अंगणात आला. काही न बोलता त्याने गाडी न्यूट्रलला आहे ना ते पाहिले. एका जाड केबलचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरे थेट इंजिनाला लावले. चावी फिरवताच गाडी सुरू झाली.

"अर्थिंग मिळत नव्हते, दादा," तो म्हणाला. कित्येक वर्षांनी 'दादा' ऐकले.

तार वरून घट्ट दिसत होती, पण बोल्टाखाली गंज साचला होता. खाऱ्या हवेत तो चढतोच; साफ करणे आमचे काम होते. पॉलिश पेपरने घासले, बोल्ट आवळला, वर ग्रीस लावले. खर्च जवळजवळ शून्य.

बंधुभगिनींनो, बॅटरीतून निघालेल्या विजेला परत यायलाही वाट लागते. ती वाट गंजली तर बॅटरी कितीही नवी असो, गाडी जागची हलत नाही. आमच्या प्रार्थनेचेही तसेच झाले होते. नोव्हेना वाढवल्या, मेणबत्त्या लावल्या, पण मन थंडच. मत्तयच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की, वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. चूक कोणाची, हे प्रभू तिथे विचारत नाही. जायचे आपणच. आमच्या घरी मात्र आधी धाकटा आला. ह्याची आम्हाला लाज वाटते आणि आनंदही.

वाटणीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण त्या दिवशी त्याने आमच्या ओट्यावर चहा घेतला, आणि पुढच्या रविवारी आईला मिस्सेला त्यानेच नेले. आम्ही मागच्या सीटवर होतो.

ह्या आठवड्यात आपणही एक बोल्ट उघडून पाहू या. वरून घट्ट दिसणाऱ्या कोणत्या नात्याखाली गंज आहे?

हे प्रभू, दुसऱ्याचा दोष शोधण्याआधी आमचा गंज आम्हाला दाखव, आणि पहिले पाऊल टाकण्याचे बळ दे. आमेन.