खारट तळें व गोड झरा

गेल्या पौषांत एका शनिवारीं मी लोणारास थोरल्या बंधूंच्या घरीं गेलों. शेताच्या बांधावरून आम्हां दोघांत दोन वर्षें अबोला होता. वहिनींनीं ऊन भाकरी वाढली, शेकोटीपाशीं घोंगडी अंथरली. परंतु दादा व मी गप्पच बसलों.

रविवारीं पहाटेस आम्ही सरोवराकडे गेलों. फार प्राचीन काळीं आकाशांतून पडलेल्या अशनीनें काळ्या खडकांत हा सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचा खळगा पाडला. सभोंवारचें पाणी त्यांत उतरतें, परंतु त्यास बाहेर वाहून जाण्यास वाट नाहीं. उन्हानें पाणी उडून जातें, खार मात्र मागें सांचत राहतो. वर कडेला ‘धार’ नांवाचा गोड झरा आहे. त्याचें पाणीही खालीं तळ्यांत मिळून खारट होतें.

तें पाहून माझें मन मलाच दोष देऊं लागलें. देवाची कृपा माझ्यांत नित्य उतरते. पण माझ्यांतून क्षमा बाहेर पडत नाहीं, म्हणून आंत कडूपणा सांचतो. भावाशीं समेट केल्यावांचून वेदीवर अर्पण ठेवूं नये, ही प्रभूची शिकवण मी इतरांस सांगत आलों; आचरिली मात्र नाहीं. धारेपाशीं मी म्हणालों, “दादा, बांध मींच सरकविला. नांगरणीपूर्वीं तो जागेवर घालीन. क्षमा करा.” दादांनीं ओंजळभर पाणी माझ्यापुढें धरिलें.

वाचकहो, कोणाशीं अबोला असेल, तर येत्या उपासनेपूर्वीं त्याच्या उंबऱ्यावर जा. कृपेला वाट मोकळी करा. आमेन.