शेवटच्या ओळीपर्यंत



कथा लिहू पाहणाऱ्यांशी बोलायला बसलं की एक तक्रार हमखास ऐकू येते, वेळ मिळत नाही. बँकेत काम करणारी मुलगी असो, डोंबिवलीहून रोज गर्दीत उभा राहून मुंबई गाठणारा तरुण असो, किंवा निवृत्तीनंतर नातवंडांमध्ये गुंतलेल्या शिक्षिका असोत, सगळे हेच सांगतात. नोकरीत जरा स्थिरावू दे, मुलांची दहावी-बारावी पार पडू दे, मग निवांत बसून लिहीन. ही तक्रार खरी आहे, मी ती हलक्याने घेत नाही. तरीही जगभर ज्यांनी लघुकथा घडवली, त्यांच्या आयुष्यांकडे पाहिलं की जाणवतं, निवांतपणा त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या वाट्याला आला होता.

रशियातल्या चेखव यांचंच पाहा. वडिलांचं दुकान बुडालं, कर्ज झालं, घर मॉस्कोला आलं. १८७९ साली चेखव तिथे वैद्यकीय शिक्षण घेऊ लागले आणि घरखर्चासाठी साप्ताहिकांना छोट्या विनोदी गोष्टी लिहू लागले. त्यातल्या एका साप्ताहिकाच्या संपादकाची अट होती, गोष्ट साधारण शंभर ओळींत बसली पाहिजे. त्याच संपादकाला चेखव यांनी १८८३ मध्ये लिहिलेलं एक पत्र आहे. समोर अभ्यासाचं काम पडलेलं आहे, शेजारच्या खोलीत पाहुण्यांचं मूल रडतंय, दुसऱ्या खोलीत वडील आईला मोठ्याने गोष्ट वाचून दाखवताहेत, आणि कुणीतरी चावीची वाजणारी पेटी सुरू केली आहे. अशा घरात तो मुलगा लिहीत होता. शंभर ओळींच्या त्या अटीचा त्यांना जाच होत असे. पण माणूस दोन वाक्यांत उभा करायचा आणि समजावून न सांगता पुढे जायचं, हे त्यांच्या हाताला त्या अटीतच वळण लागलं, असं मला वाटतं.

अमेरिकेतले रेमंड कार्व्हर विशीच्या सुरुवातीलाच दोन मुलांचे बाप झाले होते. रुग्णालयात रात्रपाळीला साफसफाई करण्यापासून मिळेल ती कामं त्यांनी केली. पुढे त्यांनी स्वच्छ लिहून ठेवलं, की एका-दोन बैठकांत ज्याचा पहिला खर्डा संपेल असंच काही आपल्याला लिहिता येणार होतं, म्हणून कथा. कॅनडातल्या अ‍ॅलिस मन्रो लहान मुली दुपारच्या झोपल्या की लिहायला बसत. त्यांचा पहिला कथासंग्रह आला १९६८ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी. २०१३ साली त्यांना नोबेल मिळालं, ते कथांसाठीच.

आपल्याकडेही वेगळं नव्हतं. अरविंद गोखले शेतकी महाविद्यालयात शिकवत होते आणि आयुष्यभर कथेशीच एकनिष्ठ राहिले. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत होते. आणि व्यंकटेश माडगूळकर तर आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर अनेक वर्षं ग्रामीण कार्यक्रम सांभाळत होते. ध्वनिमुद्रणं, संहिता, बैठका, वेळापत्रक, हे सगळं रोजचं काम करून त्यांनी मराठी कथेला माणदेश दिला. आकाशवाणीशी नातं असलेल्या कुणालाही याचा अभिमान वाटावा.

मग आपलं लेखन नेमकं अडतं कुठे? लिहिणाऱ्यांच्या वह्या मी आस्थेने पाहत आलो आहे. त्या कोऱ्या नसतात. त्यांत सुरुवाती असतात. तीन पानांची एक, पाच पानांची दुसरी, एक नुसताच संवाद. फोनमधल्या टिपणांमध्ये तर आणखी कितीतरी. म्हणजे वेळ काढलेला होता. कल्पनाही होती. गोष्ट तेवढी पुरी झालेली नसते. लेखनाची उमेद सर्वांत जास्त इथे वाया जाते, असं माझं ठाम मत झालं आहे.

एक उदाहरण मनाशी धरू. गोष्ट अशी आहे: वडील गेल्यावर वर्षभराने एक लग्न झालेली बहीण कोकणातल्या घरी निघते. भावाने बोलावलंय, हक्कसोडपत्रावर सही करायची आहे. लिहिणारी पहिली पानं सुरेख लिहिते. पहाटेची एसटी, घाटातलं धुकं, खिडकीतून येणारा वारा, बालपणीच्या आठवणी, अंगणातला फणस. बहीण उंबरठ्यापर्यंत येते. भाऊ ओटीवर कागद घेऊन बसलेला आहे. आणि इथे लेखन थांबतं. दोन दिवस, मग आठवडा, मग दुसरीच एखादी ताजी कल्पना सुचते आणि वहीचं पान उलटतं.

का थांबलं? कारण आता त्या दोघांना एकमेकांशी बोलावं लागणार. बहिणीला सही करायची आहे की नाही, हे लिहिणारीला ठरवावं लागणार. भाऊ लबाड आहे, की कर्जाने पिचलेला आहे, की त्याला खरोखरच वाटतं बहिणीचा या घरावर हक्क नाही? आतापर्यंत वर्णन चाललं होतं, त्याला धोका नव्हता. इथून पुढे माणसांविषयी काहीतरी खरं म्हणावं लागेल, आणि कदाचित ते आपल्याच घराच्या फार जवळ जाईल. लिहिणाऱ्याचा हात अडतो ती जागा बहुतेक वेळा अशीच असते. आपण तिला कंटाळा म्हणतो, सुचत नाही म्हणतो. खरं तर कथा तिथेच सुरू व्हायची असते.

चेखव यांचा एक सल्ला लेखक इव्हान बुनिन यांनी नोंदवून ठेवला आहे. गोष्ट लिहून झाली की तिची सुरुवात आणि शेवट खोडून टाकावेत, कारण लेखक सर्वांत जास्त खोटं बोलतो ते तिथेच. आपल्या कोकणच्या गोष्टीला हे लावून पाहा. एसटी, घाट, धुकं जातं. गोष्ट उघडते ती ओटीवर, भावाच्या हातातल्या कागदापाशी. फणस राहील कदाचित, पण तो आता वाटणीतला फणस असेल. मात्र हे खोडण्याचं धाडस करायला आधी गोष्ट पुरी असावी लागते. अर्धवट गोष्टीतून काय काढावं हे कळूच शकत नाही, कारण ती कशाची गोष्ट आहे हेच अजून ठरलेलं नसतं. ते शेवटाला पोचल्यावर कळतं, लिहिणाऱ्यालासुद्धा. म्हणून पहिला खर्डा वेगाने, भाषेची फार काळजी न करता शेवटापर्यंत न्यावा. मग काही दिवस तो बाजूला ठेवावा, मोठ्याने वाचावा, पुन्हा लिहावा. कार्व्हर एकेका कथेचे कितीतरी खर्डे करत असत. हे पुनर्लेखन तुकड्या-तुकड्यांच्या वेळेत उत्तम होतं. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर वीस मिनिटांत एक परिच्छेद सुधारता येतो.

पुरी झालेली कथा पाठवावी. पूर्वी ‘साभार परत’ अशा शेऱ्यासह कथा टपालाने घरी येई आणि घरातल्या सगळ्यांना कळे. ‘सत्यकथा’ मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक लेखकांना पत्रं लिहून कथेतल्या उणिवा दाखवत, पुन्हा लिहायला लावत. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद झालं. आज ईमेलने पाठवलेल्या कथेला पुष्कळदा होकार येत नाही आणि नकारही येत नाही. ही शांतता साभार परतीपेक्षा कठीण आहे, नव्या लेखकाला ती आतून खचवते. संपादकांनी दोन ओळींचं तरी उत्तर द्यावं, असं मला मनापासून वाटतं. ते येत नाही तोवर दुसरी कथा हातात असणं, एवढंच लिहिणाऱ्याच्या हाती उरतं. पहिली बाहेर गेली त्याच आठवड्यात दुसरी सुरू झालेली असली, की माणूस उत्तराची वाट पाहत बसत नाही.

किती लिहावं, हा प्रश्नही मुलं विचारतात. महिन्याला एक? वर्षाला दोन? जी. एं.चे ‘निळासावळा’, ‘पारवा’ आणि ‘हिरवे रावे’ हे संग्रह १९५९ ते १९६२ या काळात आले. ‘रक्तचंदन’ आलं १९६६ मध्ये, आणि ‘काजळमाया’साठी वाचकांनी १९७२पर्यंत वाट पाहिली. त्या मधल्या वर्षांत हा लेखक मागे पडला, असं कोण म्हणेल? इतरांचे आकडे पाहून आपली गती ठरवू नये. १८८६ साली ग्रिगोरोविच या ज्येष्ठ कादंबरीकाराने चेखव यांना पत्र लिहून घाईघाईने लिहिणं थांबवायला सांगितलं होतं. चेखव यांनी ते मानलं, पण त्याआधी शेकडो गोष्टी पुऱ्या करण्याचा सराव त्यांच्या हाताला होता, हेही विसरू नये.

१९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेला एक हक्काचं दार मिळालं आहे. पावसाळ्यात संपादकांची निवेदनं निघू लागतात आणि आश्विन उजाडायच्या आत अंक भरलेले असतात. त्या अंकांना नवी नावं हवी असतात. जिल्ह्याच्या गावांतून, वस्त्यांमधून, परदेशातल्या मराठी घरांतून आलेली नावं हवी असतात, कारण तिथलं जगणं अजून पुरतं कथेत आलेलं नाही.

म्हणून तुमच्यापैकी जे लिहितात त्यांना विनंती. आज संध्याकाळी वहीतली एक जुनी, सोडून दिलेली गोष्ट काढा. सुरुवातीची पानं पुन्हा सजवू नका. हात जिथे थांबला होता तो प्रसंग लिहा, त्या दोघांना एकमेकांशी बोलू द्या, आणि शेवटच्या ओळीपर्यंत जा.