झरोका

मनुष्यजातीचे आजवर पुष्कळ भाग पाडण्यात आले आहेत. स्त्री आणि पुरुष, गरीब आणि श्रीमंत, पुणेकर आणि इतर. पण माझ्या मते खरे भाग दोनच : खिडकी उघडणारे आणि खिडकी लावणारे. या दोन जातींची लग्नं विधाता नेमाने एकमेकांशीच लावून देतो. आमची सौ. खिडकी उघडणाऱ्या घराण्यातली. मी लावणाऱ्या.

एरवी हे मतभेद पंख्याच्या वेगापर्यंतच राहतात. पण आमचं घर नवी मुंबईत, वाशीला, आणि तेही तळमजल्यावर. जूनचा पहिला पाऊस पडला की आमच्याकडे तत्त्वचिंतनाला सुरुवात होते. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, पापड सादळतात, काडेपेटीतली एक काडी पेटवायला बाकीच्या एकोणपन्नास खर्ची पडतात. कपाटातले माझे काळे बूट ऑगस्टात बाहेर काढावेत, तर हिरव्या मखमलीचे झालेले असतात. भिंतीवर ओलीचे नकाशे उमटतात. एका वर्षी हॉलमध्ये हुबेहूब श्रीलंका उमटली होती.

"अहो, खिडक्या उघडा, हवा खेळू दे," सौ. म्हणते.

"अगं, ती हवाच ओली आहे. ती खेळायला नाही, राहायला येते," मी म्हणतो.

गंमत अशी, की ओलीइतकी बेवारस गोष्ट जगात दुसरी नसेल. आमच्या सोसायटीच्या सभेत हा विषय दर पावसाळ्यात निघतो. तळमजला म्हणतो, ओल वरच्यांच्या न्हाणीतून येते. वरचे म्हणतात, गच्चीतून. गच्चीखालचे म्हणतात, बांधणाऱ्याने सिमेंट खाल्लं. ज्येष्ठ सभासद खाडीकडे बोट दाखवतात. 'ओल आमच्या घरातून येते' असं म्हणणारा सभासद मी अजून पाहिलेला नाही. मीही तो नव्हे.

अशात आमच्या भाच्याचा फोन आला. तो अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात असतो. तिकडची पुष्कळशी घरं म्हणे जमिनीवर टेकलेली नसतात. खाली दोन-तीन फूट पोकळी असते. तिच्यात माणसाने जायचं झालं तर रांगतच जावं लागतं. या पोकळीच्या भिंतींना झरोके ठेवायचे, म्हणजे वारा वाहील आणि खालची ओल सुकेल, असा तिकडे वर्षानुवर्षं समज होता. नुसता समज नव्हे, बांधकामाचा नियमच होता.

"पण मामा," भाचा म्हणाला, "ते उलटंच निघालं! उन्हाळ्यात इथली हवा गरम आणि दमट. ती झरोक्यातून आत शिरते, घराखालच्या गार मातीला नि लाकडाला लागते आणि पाणी सोडते. लाकूड कुजतं, बुरशी धरते. म्हणून आता आम्ही झरोके बंद..."

पुढचं मी ऐकलं नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच विज्ञान माझ्या बाजूला उभं होतं. मी सौ.ला बोलावून थंड पाण्याच्या गडूचा दाखला दिला. गडू गळत नाही, तरी बाहेरून ओला होतो. ते पाणी हवेतलं. तीस अंशांची, ऐंशी टक्के दमट हवा सव्वीस अंशांच्या फरशीला टेकली की तिथंही तेच होतं. पावसाळ्यात खिडकी उघडणं म्हणजे घराचा गडू करणं!

"मग आपल्या घराखाली आहे का पोकळी?" सौ.ने विचारलं.

नाही, हे खरं. आपल्याकडे जोतं. कोकणातल्या आमच्या घराला कमरेइतकं जोतं होतं, आत दगडमाती ठासून भरलेली. त्या घरातही ओल येई; पण दिवसभर चूल पेटलेली असे आणि तिची ऊब नि धूर माळ्यापर्यंत जाऊन सगळं कोरडं ठेवी. घरात गॅस आला, आईचे डोळे वाचले आणि वाशांना बुरशी लागली. जगात फुकट काहीच मिळत नाही.

पोकळी नसली तरी झरोका मात्र आमच्याकडे होता. न्हाणीघराच्या वरच्या अंगाला, डक्टमध्ये उघडणारा, काचेच्या पट्ट्यांचा. डक्टमधले नळ ठिबकतात, तिथली हवा कायम ओली, तेव्हा सर्व पापाचं मूळ तेच, असा मी निकाल दिला. सुतार बोलावला. प्लायवूडचा तुकडा ठोकला, कडेने सिलिकॉनची अख्खी नळी रिकामी केली. मुंगी शिरली नसती.

आता या झरोक्याबद्दल आणखी थोडं सांगायला हवं. त्याच्या बरोबर समोर, चार फुटांवर, शेजारच्या आजींच्या न्हाणीघराचा झरोका. आजी चौऱ्याऐंशीच्या, एकट्याच राहतात. आम्ही इथं आलो तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकात, वाशीला रेल्वे नव्हती. ती खाडी ओलांडून आली १९९२ साली. तोवर बस चुकली की माणूस रात्री दहाला घरी यायचा, आणि त्याचं पोर तोवर शेजारी जेवून झोपलेलं असायचं. आमच्या पोरांना वाढणाऱ्या त्या शेजारणी म्हणजे याच आजी. त्या झरोक्यातून आम्हाला त्यांच्याकडचं सगळं ऐकू येई. पहाटेचं स्तोत्र, कुकरच्या शिट्ट्या, बादलीची कडी, खोकला. पुष्कळदा वैतागही येई. सकाळी पाचला दुसऱ्याचं पुण्य ऐकणं सोपं नसतं.

झरोका बंद झाला आणि घरात शांतता पसरली. मी साडेसातपर्यंत झोपू लागलो.

पंधरा दिवसांनी न्हाणीघराचं छत काळं पडलं. मग पॅसेजची भिंत. मग कपाट. आणि एके दिवशी ट्रंकेतली वडिलांच्या हातची हिशेबाची वही उघडली, तर पानांचा एकमेकांना चिकटून लगदा झालेला. त्या वहीत माझ्या शाळेच्या फीपासून आईच्या बांगड्यांपर्यंत सगळं शाईने लिहिलेलं होतं. आता नुसता निळा डाग.

मी भाच्याला फोन लावला आणि अमेरिकेचं विज्ञान खोटं असल्याचं कळवलं.

"मामा, तुम्ही जमिनीवर प्लॅस्टिक अंथरलंत का?"

"कसलं प्लॅस्टिक?"

तेव्हा कळलं, की त्या दिवशी मी निम्मंच ऐकलं होतं. ते लोक झरोके बंद करतात, पण आधी मातीवर जाड प्लॅस्टिक पसरतात. सांधे चिकटवतात, भिंतींवरही ते चढवतात. कारण माती पाणी सोडतच असते. चहात खारीचं टोक बुडवलं तरी ओल वर चढते, तशी ती भिंतीतही चढते. एवढ्यावर भागत नाही. आतली हवा कोरडी ठेवायला यंत्र बसवतात किंवा घरातली सुकी हवा थोडी तिकडे वळवतात. "नुसतं बंद केलंत तर आतली ओल जाणार कुठे?" तो म्हणाला. "झरोका असतो तोवर बरंवाईट काम वारा करतो. बंद केला, की ते सगळं तुमच्या अंगावर."

मी हिशेब मांडला. रोज दोन माणसांच्या आंघोळीची वाफ, भाताची वाफ, दोरीवर वाळणारे कपडे, आणि रात्रभर आम्हा दोघांचे श्वास. हे सगळं पाणी इतकी वर्षं त्या झरोक्यातून जात होतं. म्हणजे ओल आमच्याच घरातून येत होती. सोसायटीच्या सभेत मी हे अजून बोललेलो नाही.

पण मला सांगायचंय ते पुढचंच.

त्याच आठवड्यात आजी पहाटे न्हाणीघरात घसरून पडल्या. मनगट मोडलं, उठता येईना. साडेनऊला कामवाली आली, तिने बेल वाजवली, आतून आवाज आला म्हणून चौकीदाराला बोलावून दार उघडलं. ओल्या फरशीवर चार तास. मी त्या वेळी चार फुटांवर गाढ झोपलेलो.

संध्याकाळी भेटायला गेलो. हात प्लास्टरमध्ये. आजी अगदी साधेपणाने म्हणाल्या, "तुम्हाला पुष्कळ हाका मारल्या हो. म्हटलं, झोप लागली असेल."

मी मान डोलावली. त्या रात्री मात्र झोप लागली नाही.

मी काय गुन्हा केला होता? भिंत माझी, झरोका माझा, प्लायवूडचे पैसे माझे. दुसऱ्याचा खोकला ऐकत राहण्याची सक्ती कोणता कायदा करतो? मनातल्या वकिलाने फार सुरेख बाजू मांडली. पण त्या वकिलाचा आवाज सिलिकॉन लावलेल्या खोलीतून आल्यासारखा येत होता.

दुसऱ्या दिवशी फिरायला गेलो तो धारण तलावाकडे. नवी मुंबईचा बराचसा सखल भाग खाडीत भर घालून केलेला. मुंबईची दाटी कमी करायला खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, हा विचार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली 'मार्ग' नियतकालिकात मांडला. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ज्या शहराच्या काही भागांची जमीन भरतीच्या पातळीखाली, त्याने पावसाळ्यात जगायचं कसं? म्हणून हे तलाव. त्यांच्या तोंडाशी झडपा असतात. भरती आली की खाडीच्या दाबाने झडप मिटते. तेवढा वेळ शहराचं पाणी तलाव पोटात ठेवतो. ओहोटी लागली की झडप उघडते आणि पाणी खाडीत जातं.

तिथं उभा असताना वाटलं, हे शहर उघडणाऱ्यांचं नाही आणि लावणाऱ्यांचंही नाही. पण एक अट आहे. झडप मिटलेली असते तेवढा वेळ तलावात जागा हवी. आज कित्येक तलावांत गाळ साचलाय, खारफुटी उगवलीय, आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण, त्यामुळे गाळ काढणंही सोपं राहिलेलं नाही. बंद करायचा हक्क जरूर असावा. पण जो बंद करतो त्याने आत साठेल ते सांभाळायची तयारी ठेवावी. आणि त्या झरोक्यातून आपोआप होणारं जे काम थांबलं, ते आता आपल्या पायांनी जाऊन करावं. मी हक्क तेवढा घेतला होता.

घरी येऊन प्लायवूड काढलं. तिथे एक्झॉस्ट पंखा बसवला, मागे पडणाऱ्या पट्ट्यांचा. पंखा चालू झाला की पट्ट्या उघडतात, वाफ बाहेर जाते; थांबला की मिटतात. सौ.ला तो उघडा वाटतो, मला बंद. संसाराला याहून जास्त काय लागतं?

पण पट्ट्या मिटलेल्या असताना हाक ऐकू येत नाही. म्हणून सकाळी सातला उठून आजींची बेल वाजवायची, हा नेम धरला. पहिल्या दिवशी गेलो आणि प्लायवूडचं सगळं सांगून टाकलं. सांगताना घसा कोरडा पडला होता. आमच्या घरातली तेवढी एकच गोष्ट त्या पावसाळ्यात कोरडी झाली.

आजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला वाटलंच. तुमच्या घोरण्याचा आवाज एकदम थांबला. मी घाबरले. म्हटलं, माणूस बरा आहे ना? मग रोज कामवालीला विचारायची, त्यांच्या दारातली दुधाची पिशवी आत गेली का बघ गं. ती 'गेली' म्हणायची, तेव्हा कुठे मी चहा घ्यायची."

मी काही बोललो नाही. आजी डाव्या हाताने चहा गाळायला उठल्या. मी त्यांच्या हातातलं गाळणं घेतलं.