काळोखातली आई

आईच्या तेराव्याला मावशी म्हणाली, "डोळे मिटले की ताई समोर येते रे." मी मान डोलावली. माझे डोळे मिटले की काळोख असतो. आई नाही, काहीच नाही. 'डोळ्यांसमोर उभं राहणं' हा मी पन्नाशीपर्यंत नुसता वाक्प्रचार समजत होतो.

यात मी एकटा नाही. १८८० साली फ्रान्सिस गॉल्टनने लोकांना सकाळचं न्याहारीचं टेबल मनात आणून वर्णन करायला सांगितलं, तेव्हा काही वैज्ञानिकांनाही 'मनातलं चित्र' ही निव्वळ बोलण्याची रीत वाटली होती. या अवस्थेला नाव मात्र २०१५मध्ये मिळालं : अफँटेझिया. ते देणाऱ्या अ‍ॅडम झेमन यांनी त्याआधी एक रुग्ण अभ्यासला होता. हृदयावरच्या उपचारानंतर त्याची मनातली चित्रं अचानक गेली. प्रसिद्ध व्यक्तींचे फोटो पाहताना त्याचा मेंदू इतरांसारखाच चाले. तेच चेहरे मनात आणायला सांगितले की दृष्टीशी निगडित भाग मंद राहत. तरी स्मरणाच्या चाचण्यांत तो कमी पडला नाही. माहिती शाबूत, चित्र गायब.

माझंही तसंच. आईच्या डाव्या भुवईवर विळीचा व्रण होता, हे मला ठाऊक आहे. दिसत नाही.

पण दादाचं काय? शेवटच्या रात्री आम्ही दोघंही तिच्या खाटेशी होतो. श्वास लागलेला तो चेहरा त्याला अजून दिसतो. जेवताना, गाडी चालवताना. मी आठवड्याभरात नीट झोपायला लागलो. "तुला बरं जमलं," तो एकदा म्हणाला. टोमणा होता की हेवा, कळलं नाही.

दुःख हे प्रेमाचं माप धरलं तर मी देणेकरी ठरतो. ते माप मला मान्य नाही. दादाने ते चित्र निवडलेलं नाही, मी हा काळोख निवडलेला नाही. मग श्रेय कसलं नि दोष कसला? युक्तिवाद मला बिनतोड वाटतो. तरी दादाचा फोन आला की तो तोंडातून निघत नाही. सुटलेल्या माणसाचा युक्तिवाद आहे तो.

अशा अनेकांना स्वप्नात मात्र चित्रं दिसतात. मलाही. एकदा आई ओट्याशी उभी होती, व्रणासकट. जाग आली आणि चेहरा पुसला गेला.

परवा दादाने विचारलं, "त्या रात्री ती शेवटचं काय बोलली रे? मला तेवढं आठवतच नाही."

मला शब्द न् शब्द आठवत होता. "थोरला जेवलाय का बघ," असं म्हणाली होती. मी सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही.